कोरा नमुना

माझं लग्न ठरवताना मध्यस्थांनी मुलीकडच्यांना सांगून टाकलं होतं की मुलगा अणुशास्त्रज्ञ आहे. हे अगदीच खोटं नव्हतं, माझ्या नेमणूकपत्रातून ओढूनताणून तसा अर्थ काढता आला असता. पण हैदराबादच्या त्या दिवाणखान्यात पोह्यांच्या बशा घेऊन बसलेल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहिलं, त्यात मी पांढरा कोट घालून एका लाल बटणाजवळ उभा होतो. होणारे सासरे, ज्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणतात, बँकेत मॅनेजर होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "सांगण्यासारखं नसेल तर सांगू नका. आम्ही समजतो." एवढी मोकळीक मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. मी गंभीरपणे मान हलवली, आणखी थोडे पोहे घेतले आणि लग्न ठरलं.

पुढे लग्न झालं, सत्यनारायण झाला, मुंबईतल्या दोन खोल्यांत संसार मांडून झाला, आणि एका रात्री साड्यांच्या घड्या घालता घालता बायकोनं विचारलंच, "अहो, पण तुम्ही तिथे दिवसभर नेमकं करता तरी काय?"

"लघवी उकळतो," मी म्हणालो.

ती पुढच्या बऱ्याच घड्या होईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "अण्णांना एवढ्यात सांगू नका."

तुमच्या हातात चहा असेल तर तो आधी संपवून घ्या, कारण आता मला थोडं तपशिलात शिरावं लागणार आहे. किरणोत्सारी धातूंशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्यांच्या श्वासातून किंवा एखाद्या जखमेतून त्यातलं काही आत गेलं का, हे वेळोवेळी पाहावं लागतं. प्लुटोनियमसारखा धातू आत जाऊन बसला तर बाहेरून त्याचा पत्ता लागणं महाकठीण, कारण त्याचे अल्फा कण हवेत चारेक सेंटिमीटर गेले की थकतात, साध्या कागदानं अडतात, तर माणसाच्या बरगड्या ओलांडून यंत्रापर्यंत कुठून यायचे? पण शरीर आत घेतलेलं सगळंच ठेवून घेत नाही. मूत्रपिंडांच्या वाटेनं रोज किंचित किंचित परत करत राहतं. ते किंचित मोजायचं आणि त्यावरून आत किती असेल याचा उलटा हिशेब मांडायचा. हा उलटा हिशेब अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या राइट लँगहॅमनं बसवला. त्याच्या सूत्राप्रमाणे पहिल्या दिवशी साठ्याच्या ०.२ टक्के प्लुटोनियम लघवीतून बाहेर पडतं आणि पुढे दिवसागणिक ते कमी होत जातं. त्या सूत्रामागे अमेरिकेतले १८ रुग्ण आहेत, ज्यांना १९४५ ते १९४७ या काळात प्लुटोनियमची इंजेक्शनं दिली गेली, आणि बहुतेकांना ती कशाची आहेत याची कल्पनाही नव्हती. या भागावर विनोद करायला माझी जीभ रेटत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

आम्ही शोधायचो ती मात्रा साधारण एक मिलिबेक्वेरेलच्या घरातली. म्हणजे सुमारे सतरा मिनिटांनी एक अणू फुटणार. वजनात सांगायचं तर एका ग्रॅमचे लाख कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचा जेमतेम अर्धा. आणि हे हुडकून काढायचं काम सरकारनं ज्या माणसावर सोपवलं होतं, त्याला डोक्यावर ठेवलेला चष्मा घरभर शोधून सापडत नसे.

रीत अशी असते. चोवीस तासांची लघवी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कॅनमधून येते. तिच्यात नायट्रिक ॲसिड घालून ती तापवायची. मग कॅल्शियम आणि फॉस्फेट घालायचं आणि अमोनिया सोडत राहायचं, की एका क्षणी सगळं दुधाळ होतं आणि पांढरा गाळ खाली बसायला लागतो. लग्नाच्या पंगतीत एका आमंत्रिताच्या आडोशानं चार आगंतुक बसून घेतात, तसं त्या गाळाबरोबर प्लुटोनियमही गुपचूप खाली बसतं. तो गाळ ॲसिडात जाळून पांढराशुभ्र करायचा, पुन्हा विरघळवायचा, रेझिनच्या कॉलममधून थेंब थेंब सोडायचा, कॉलममध्ये अडकलेलं प्लुटोनियम वेगळं उतरवून घ्यायचं आणि विजेच्या प्रवाहानं स्टीलच्या एका चकतीवर चढवायचं. मग ती चकती निर्वात कप्प्यात सिलिकॉनच्या डिटेक्टरसमोर ठेवून दोन-तीन दिवस वाट बघायची. तासाला एखादा ठोका पडला तर पडला.

लघवी आणि फॉस्फेट यांचं नातं जुनं आहे. १६६९ साली हॅम्बुर्गमध्ये हेनिग ब्रांट नावाच्या किमयागारानं सोनं मिळेल या आशेनं पिंपंच्या पिंपं लघवी आटवली, आणि सोन्याऐवजी त्याला अंधारात चमकणारं फॉस्फरस मिळालं. या उद्योगात त्यानं पहिल्या बायकोनं आणलेला पैसा संपवला आणि मग दुसरीच्या पैशाला हात घातला. माझ्या व्यवसायाची परंपरा किती थोर आहे हे पटवावं म्हणून मी ही गोष्ट बायकोला मोठ्या उमेदीनं सांगितली. तिनं फक्त दुसरीबद्दल चौकशी केली.

आता या सगळ्या रीतीत हात कुठे घसरू शकतो, असं तुम्ही विचाराल, तर मी म्हणेन की मला न घसरण्याची जागा दाखवा. गाळ जाळताना बीकरमध्ये काचेचे मणी टाकायचे असतात, आच मंद ठेवायची असते आणि मुख्य म्हणजे समोर उभं राहायचं असतं. मी मणी विसरलो, आच मोठी ठेवली आणि कँटीनमध्ये बटाटेवडे गरम निघालेत असं कुणीतरी म्हणालं म्हणून पाच मिनिटांसाठी खाली गेलो, तिथे भारत-पाकिस्तान मॅचचा विषय निघाला, आणि परत आलो तेव्हा एका माणसाचे चोवीस तास फ्यूम हूडच्या छताला चिकटले होते.

आणखी एक प्रकार ट्रेसरचा. एवढ्या धुण्या-गाळण्यातून मूळ धातू किती टिकला हे कळावं म्हणून सुरुवातीलाच नमुन्यात प्लुटोनियम-२४२ मोजून मापून घालतात, आणि शेवटी त्यातलं किती हाती लागलं ते बघतात. सत्तर टक्के परत आलं तर ठीक, ऐंशी आलं तर चांगलं. माझं एकशे चाळीस टक्के आलं. मी तो आकडा अभिमानानं साहेबांपुढे नेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "जेवढं घातलं त्यापेक्षा जास्त निघालं म्हणजे तुम्ही ट्रेसर दोनदा घातलाय, किंवा नवीन प्लुटोनियम तयार करताय. दुसरं असेल तर त्याचं खातं वेगळं आहे."

पण माझा खरा पराक्रम डिटेक्टरचा. त्या सिलिकॉन डिटेक्टरला प्रकाश सोसत नाही, त्यामुळे कप्प्याचं दार उघडण्याआधी त्याचा विद्युतदाब बंद करावा लागतो. तशी पाटीही मोठ्या अक्षरांत लावलेली होती आणि ती माझ्याच हस्ताक्षरात होती. एका संध्याकाळी मी सरळ दार उघडलं आणि पडद्यावर जे दिसलं त्यानं माझे पाय लटपटले: तासाला एक ठोका देणारं यंत्र क्षणाला हजारोंनी ठोके देत सुटलं होतं. मी आधी श्वास रोखून धरला, मग कॉरिडॉरमध्ये धावत सुटलो, दोघांना सांगितलं, तिसऱ्यानं आणखी चौघांना सांगितलं, सेफ्टीची मंडळी मोजणीयंत्रं घेऊन आली, मला खुर्चीवर बसवून डोक्यापासून बुटांपर्यंत तपासलं, आणि शेवटी एका मदतनीस पोरानं कप्प्याचं दार नुसतं लोटून बंद केलं. ठोके थांबले. प्लुटोनियम नव्हतं, ट्यूबलाइट होती.

अशा वेळी मी मनाला डॉन मॅस्टिकची आठवण करून देत असे. हा लॉस अलामॉसमधला तरुण रसायनतज्ज्ञ. १९४४ च्या ऑगस्टमध्ये प्लुटोनियमची कुपी हाताळताना ती फुटली आणि आतला काही ऐवज त्याच्या तोंडात गेला. त्या काळी प्लुटोनियम साऱ्या जगात मूठभरही नव्हतं. डॉक्टरांनी त्याचं पोट धुऊन काढलं आणि जे निघालं ते त्याच्याच हातात दिलं, की बाबा रे, यातलं प्लुटोनियम आता तूच वेगळं कर. त्यानं केलं. पुढे कितीतरी दिवस त्यानं नुसता उच्छ्वास सोडला तरी काही फुटांवरच्या यंत्राचा काटा उडायचा. तरी गडी २००७ पर्यंत जगला. हे आठवलं की वाटतं, आपण निदान नमुना छताला लावला, गिळला तर नाही.

आता मूळ हकीकतीकडे येतो, कारण वरचं सगळं साहेबांनी माफ केलं होतं.

युरेनियमचा मामला प्लुटोनियमहून निराळा आहे. प्लुटोनियम सामान्य माणसाच्या लघवीत आमच्या यंत्रांना शोधूनही सापडायचं नाही, पण युरेनियम तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या लघवीत असतं, कारण ते मातीत आहे, मातीतून पाण्यात, भाजीत आणि तिथून आपल्यात. त्याला पकडायची तऱ्हाही देखणी: अतिनील लेसरचा झोत टाकला की युरेनियम हिरवं चमकतं आणि त्या चमकेवरून प्रमाण कळतं. पण कामगाराच्या लघवीतलं युरेनियम कामामुळे आलंय की कालच्या पालकाच्या भाजीमुळे, हे ठरवायचं तर ज्यांचा या धंद्याशी काडीचा संबंध नाही अशांचे कोरे नमुने तुलनेसाठी लागतात. साहेबांनी फर्मान काढलं: प्रत्येकानं घरून एक आणावा. संमतीचा फॉर्म भरून, चोवीस तासांचा, पूर्ण.

बायकोनं फॉर्म वाचलासुद्धा नाही. पण त्याच सुमारास अण्णा महिनाभरासाठी आमच्याकडे यायचे होते, आणि शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर याहून कोरा माणूस मिळणं अशक्य: आयुष्य बँकेत गेलेलं, पान नाही, तंबाखू नाही. (तंबाखूचं नाव घेतलं ते उगाच नाही, तिच्यात पोलोनियम असतं आणि सिगारेट ओढणाऱ्याच्या लघवीत ते जास्त सापडतं.) "मी विचारणार नाही," बायकोनं आधीच स्पष्ट केलं. "देशाचं गुपित तुमचं आहे, तुम्हीच फोडा."

अण्णा आले त्या संध्याकाळी मी तीनदा विषय काढायला गेलो आणि तीनदा पावसाबद्दल बोलून परत आलो. शेवटी रात्री दूध पिताना सगळं एका दमात सांगून टाकलं. अण्णा कपाकडे बघत राहिले.

"म्हणजे बटण वगैरे काही नाही?"

"नाही अण्णा."

त्यांनी दूध संपवलं. "हेही कुणीतरी करायला पाहिजेच की," ते म्हणाले आणि खिशातलं पेन काढून फॉर्मवर बँकेतल्यासारखी लफ्फेदार सही ठोकली. मला त्या वेळी भरून आलं, ते मी जांभईत दडवलं. पुढे २००६ साली लंडनमध्ये अलेक्झांडर लिट्विनेन्को या माजी रशियन हेराला चहातून पोलोनियम दिलं गेलं आणि अगदी अखेरच्या घटकेला त्याच्या लघवीवरून विषाचा उलगडा झाला, तेव्हा अण्णांनी कॉलनीत सगळ्यांना सांगितलं म्हणे, की आमचे जावई याच लायनीत आहेत. कुठल्या बाजूनं, ते सांगायचं राहिलं.

चोवीस तासांचा नियम समजावून सांगताना मी अनुभवी माणसांनाही घाम फुटलेला पाहिलाय. सकाळी उठल्यावरची पहिली टाकून द्यायची आणि वेळ टिपायची. तिथून पुढे दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची प्रत्येक, शेवटची पहाटेची धरून, कॅनमध्ये. "पहिली का सोडायची?" अण्णांनी विचारलं. ती रात्रभर साठलेली म्हणजे आदल्या दिवसाची असते, असं मी सांगताच त्यांचा चेहरा उजळला. "ओपनिंग बॅलन्स!" ते म्हणाले. आमच्या खात्यात नव्यानं लागलेल्या पोरांना हे समजायला महिना लागायचा.

अण्णांनी काम अंगावर घेतलं म्हणजे घेतलंच. त्यांनी एका लांबोळक्या वहीत रकाने आखले, डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च: प्यायलेलं काय, किती वाजता, किती, आणि समोर निकाल. आकडे अंदाजानं लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातलं लिटरच्या खुणांचं भांडं परस्पर उचललं. ते भांडं नंतर मोडीत गेलं. संध्याकाळी मारुतीच्या देवळापाशी ज्येष्ठांचा कट्टा भरतो, तिथे जायचं त्यांनी टाळलं नाही; कॅन बरोबर घेऊन गेले, आणि कट्ट्यावरच्या मंडळींना तो कशासाठी आहे हे इतक्या सविस्तर सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून आमच्या इमारतीतले दोघेजण माझ्याशी बोलताना जरा अंतर ठेवू लागले. रात्री कॅन फ्रिजमध्ये ठेवायचा मी प्रस्ताव मांडला. तो मतदानालासुद्धा आला नाही.

सकाळी मी कॅन साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत घालून निघालो. लोकलला गर्दी इतकी की पिशवी छातीशी धरून उभा होतो, तिचं तोंड उघडं राहिलं होतं, आणि अर्धपारदर्शक प्लॅस्टिकमधून आतला सोनेरी रंग सकाळच्या उन्हात झकास दिसत होता. समोरच्या गृहस्थांनी बराच वेळ निरखून बघितलं.

"मध का हो?"

नाही म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता. मी मान डोलावली.

"गावचा?"

"सासऱ्यांकडचा."

"मग शुद्धच असणार," ते म्हणाले, आणि माझं स्टेशन येईपर्यंत त्यांनी मला किलोचा भाव, पत्ता आणि दिवाळीपूर्वी दोन बाटल्या मिळतील का, हे विचारून घेतलं. मी सासऱ्यांना विचारून सांगतो म्हणालो.

अण्णांचा नमुना लेसरखाली गेला आणि असा हिरवागार चमकला की मोजणारी बाई मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. बाकीच्यांच्या घरून आलेल्या नमुन्यांत युरेनियम नॅनोग्रॅममध्ये मोजावं लागत होतं. अण्णांचं दिवसाला एक मायक्रोग्रॅमच्या घरात निघालं. मी ॲसिडची बाटली बदलली. काचेत स्वतःचं युरेनियम असतं म्हणून काच टाळून सगळं प्लॅस्टिकमध्ये केलं. पुन्हा तोच आकडा. साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "तुम्ही इथून घरी काही नेता का?" मी त्यांना खरं ते सांगितलं, की वर्षाला एक कॅलेंडर आणि कधीमधी एखादी पेन्सिल. त्यांचं समाधान झालं नाही. हात धुता का, कोट घरी नेता का, बूट बदलता का, असं सगळं विचारून झालं आणि शेवटी निघालं ते हे: माझा स्वतःचा नमुना द्यायचा. आणि बायकोचाही.

बायकोनं दिला. कसा दिला, किती न बोलता दिला, हे मी इथे लिहीत नाही.

माझा दिवस नेमका आला तो मावसबहिणीच्या साखरपुड्याचा. कॅन त्याच साडीच्या पिशवीत घालून मी डोंबिवलीच्या हॉलवर पोचलो, आणि दारात मावशीनं दोन्ही हात पसरून स्वागत केलं, "अरे, एवढं कशाला आणायचं!" असं म्हणत पिशवी हातातून काढून घेतली आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' असं ठळक छापलेलं होतं, त्यामुळे आहेराचा ढीग माझ्या कमरेपर्यंत आला होता आणि त्यात त्याच दुकानाच्या, त्याच रंगाच्या कितीतरी पिशव्या होत्या, कारण डोंबिवलीत सगळे साड्या तिथूनच घेतात. मी मांडवाच्या बाजूला वाकून एकेक पिशवी हलवून आवाज ऐकू लागलो. नवऱ्या मुलाच्या आत्यानं ते बघितलं. "काही हरवलंय का?" त्यांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत कुणीतरी मावशीला जाऊन सांगितलं की तुमचा भाचा आहेर मोजतोय. अंगठ्या घातल्या जात असताना मला माझी पिशवी मिळाली. पैठणीच्या खोक्यावर तिरकी पडली होती, झाकण घट्ट होतं, देवाची कृपा. त्यानंतर मात्र हॉलच्या न्हाणीघरात कॅन घेऊन जायचं म्हणजे आत्याबाईंच्या नजरेसमोरून जायचं, आणि त्या दाराजवळच खुर्ची टाकून बसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत मी हात हलवतच जाऊन आलो. कॅन पिशवीतच राहिला. कुणाला काय कळतंय, मी म्हटलं.

कळतं. लघवीत क्रिएटिनिन नावाचं द्रव्य असतं, ते माणसाच्या स्नायूंतून येतं आणि पुरुषाच्या अंगातून दिवसाला दीड-पावणेदोन ग्रॅमच्या आसपास ठरल्यासारखं बाहेर पडतं. तेव्हा नमुना पूर्ण आहे की कुणी मध्ये चुकवेगिरी केली, हे त्यावरून उघडं पडतं. मी ही तपासणी अनेक कामगारांवर केली होती आणि चुकवणाऱ्यांना शिस्तीवर व्याख्यानंही दिली होती. साहेबांनी माझा कागद वर धरला. "हे एकतर अर्ध्या माणसाचं आहे," ते म्हणाले, "किंवा अर्ध्या दिवसाचं."

अर्ध्या दिवसाचं का होईना, त्यात युरेनियम औषधापुरतंच होतं. बायकोच्याही तेवढंच. म्हणजे दोघं निर्दोष, घर निर्दोष, आणि चमकत होते ते एकटे अण्णा. मी घरी येऊन सोफ्यावर बसलो तर ते वही घेऊन पुढ्यात आले. निकाल काय लागला हे त्यांना हवं होतं. समोरच्या रकान्यात लिहायला जागा सोडली होती. मी ती वही सहज चाळली. सकाळी सहा वाजता, एक भांडं, स्वतःचे पाणी. आठ वाजता, चहा, स्वतःचे पाणी. अकरा, स्वतःचे पाणी.

"स्वतःचं म्हणजे?"

"मुंबईचं पाणी मला सोसत नाही. चहाला चव येत नाही." त्यांनी पलंगाखाली बोट दाखवलं. हुसेनसागर एक्स्प्रेसमधून हैदराबादच्या बोअरचं पाणी त्यांनी बरोबर आणलं होतं, पाच-पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमधून, नीट ओळीनं लावलेलं.

मला हे सुचायला हवं होतं. हैदराबाद ग्रॅनाइटवर वसलंय. गोवळकोंड्याचा किल्ला ज्या दगडावर उभा आहे त्याच दगडात अण्णांची बोअर खोल गेलेली. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम आपल्या काळ्या बेसॉल्टपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी ते घेऊन वर येतं. फिनलंडमध्येही ग्रॅनाइटात खोदलेल्या विहिरींचं पाणी पिणाऱ्यांच्या लघवीत असंच सापडलेलं आहे. मुंबईला येतं ते तानसा-भातसाचं पावसाचं पाणी, त्यात काय असणार? अण्णांच्या कॅनमधलं पाणी मी प्रयोगशाळेत नेलं आणि ते शहाण्या मुलासारखं... नको, नुसतं चमकलं एवढंच म्हणतो. प्रमाण काळजीचं नव्हतं. आज जागतिक आरोग्य संघटना लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमपर्यंत चालवून घेते, अण्णांचं त्याच्या आत होतं. शिवाय प्यायलेल्यातलं दोनेक टक्के युरेनियमच रक्तात उतरतं, आणि त्यातलंही बरंचसं पहिल्या दिवसातच लघवीतून निघून जातं. रक्तात न उतरलेलं दुसऱ्या वाटेनं जातं. तिकडचे नमुने बघायचं काम सुदैवानं दुसऱ्या टेबलावर होतं.

साहेब खूश झाले. छताला लागलेला नमुना आणि ट्यूबलाइट धरून माझ्या सबंध नोकरीतली ही एकच गोष्ट त्यांना शास्त्रीय वाटली. अण्णांचा नमुना मात्र कोऱ्यांच्या यादीतून काढून टाकावा लागला, आणि हे त्यांना सांगायची वेळ आली तेव्हा मी पुन्हा दोन दिवस पावसाबद्दल बोललो.

ते गावी परतल्यावर महिन्याभरानं पत्र आलं. आंतर्देशीय, दोन्ही बाजूंनी भरलेलं. अण्णांनी हिशेब केला होता: रोज एक मायक्रोग्रॅम धरला तर एक ग्रॅम युरेनियम साठायला दहा लाख दिवस, म्हणजे दोन हजार सातशे चाळीस वर्षं लागतात, तेव्हा व्यक्तिशः त्यांचा उपयोग होईल असं वाटत नाही, पण कॉलनीत ऐंशी घरं एकाच बोअरवर आहेत आणि मंडळी तयार आहेत, तरी सरकारचा काय दर आहे ते कळवावं. त्याखाली सासूबाईंच्या अक्षरात ताजा कलम होता, की अण्णा पाण्याचा एक कॅन तुमच्याकडे विसरून आलेत, तो येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर आठवणीनं पाठवावा, शेंगदाण्याचं तेल भरून ठेवायला लागतो.

माळ्यावर बघितलं तर तिथे दोन कॅन होते. दोन्ही पाच लिटरचे, दोन्ही पांढरे, दोन्ही धुतलेले. मी त्यातल्या त्यात नवा दिसणारा पाठवून दिला.